स्वागत सगळेच करतात, मर्जचं बटण कोणाकडे आहे?

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या जगात, सगळी एकाच साच्यातली माणसं का दिसतात असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं, अहो इथे कोणी कोणाला अडवलंय का, कोड सगळ्यांसमोर आहे, लायसन मोकळं आहे, या आणि पॅच, म्हणजे कोडमधला तुमचा बदल, पाठवा. आणि हे खोटं नाहीये, म्हणूनच त्याला उत्तर देताना पंचाईत होते. खरंच कोणी अडवत नाही. तरीही २०१७ साली गिटहबने (असे प्रोजेक्ट जिथे ठेवतात ती साइट) ५५०० लोकांचा जो सर्व्हे केला त्यात ९५ टक्के पुरुष निघाले, बायका ३ टक्के आणि नॉन-बायनरी १ टक्का. ज्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना आपण या बाबतीत नावं ठेवतो ना, त्यांचे आकडेसुद्धा यापेक्षा बरे असतात!

मग दुसरं उत्तर येतं, बायकांना इंटरेस्टच नसतो त्याला कोण काय करणार. त्यावर ग्नोमचा, म्हणजे लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रोजेक्टचा किस्सा सांगते. २००६ साली ग्नोम प्रोजेक्टला गूगल समर ऑफ कोडसाठी (विद्यार्थ्यांना पैसे देऊन ओपन सोर्सचं काम करू देणारा गूगलचा कार्यक्रम) १८१ अर्ज आले, त्यातला एकही बाईचा नव्हता. म्हणून त्यांनी त्याच उन्हाळ्यात फक्त बायकांसाठी एक छोटा कार्यक्रम काढला, तर शंभरेक अर्ज आले आणि ६ जणींना घेतलं. वर्ष तेच, प्रोजेक्ट तोच, काम साधारण त्याच प्रकारचं. फरक एवढाच की या वेळी कोणीतरी स्पष्ट म्हटलं होतं, हे तुमच्यासाठी आहे. मी हा आकडा कुठल्याही वादात सगळ्यात आधी टाकते कारण त्यानंतर इंटरेस्टवाला मुद्दा परत येत नाही, निदान तसाच्या तसा तरी येत नाही.

तो कार्यक्रम मध्ये काही वर्षं बंद पडला होता, मग २०१० मध्ये मरिना झुराखिन्स्काया यांनी तो पुन्हा उभा केला आणि २०१५ पासून तो आउटरीची या नावाने चालतो, आता फक्त बायकांसाठी नाही तर आपापल्या देशात टेक्नॉलॉजीत ज्यांना डावललं जातं अशा सगळ्यांसाठी. त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे अर्ज करतानाच खऱ्या प्रोजेक्टला खरा पॅच पाठवावा लागतो आणि त्या वेळी मदतीला नाव-गाव असलेला मेंटॉर असतो, 'डॉक्युमेंटेशन वाचा' असं म्हणून हात झटकणारं कोणी नसतं. दुसरं म्हणजे ७००० डॉलर मिळतात, आणि तुम्ही जगाच्या पाठीवर कुठेही बसलेले असा, सगळ्यांना सारखेच. समर ऑफ कोडमध्ये मात्र तुमच्या देशातल्या महागाईप्रमाणे रक्कम बदलते. त्यांचंही एक गणित आहे, कमी पैशात जास्त लोकांना घेता येतं वगैरे, पण एकाच रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) एकाच दर्जाचा कोड लिहिणाऱ्या दोघांना पत्ता बघून वेगळे पैसे हे मला काही केल्या पटत नाही. समर ऑफ कोडने एक काम मात्र फार चांगलं केलं, २०२२ पासून विद्यार्थीच असण्याची अट काढली, १८ वर्षं पूर्ण झालेला कोणीही नवशिका चालतो. मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या, कॉलेज अर्धवट राहिलेले, चाळिशीत कोडिंग शिकलेले असे कितीतरी लोक त्या एका अटीमुळे बाहेर राहायचे.

हे सगळं झालं लोकांना आणण्याबद्दल, आणि आणण्याचं आता बऱ्यापैकी जमायला लागलंय. माझं खरं भांडण टिकवण्याबद्दल आहे. कॉन्फरन्समध्ये स्लाइडवर वेगवेगळ्या चेहऱ्यांचे फोटो असतात, रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) इंद्रधनुष्याचा बॅज असतो, आणि दोन वर्षांनी मर्जचं, म्हणजे आलेला बदल मूळ कोडमध्ये घ्यायचं बटण दाबायचा हक्क कोणाकडे आहे ते बघितलं तर तीच जुनी मंडळी. मधल्या मधे गेले कुठे सगळे?

माझ्या मते बहुतेक जण रिव्ह्यूमध्ये, म्हणजे पाठवलेला बदल तपासला जातो तिथेच गळतात, आणि बहुतेकांना कोणी वाईट बोललेलं नसतं, त्यांना कोणी काहीच बोललेलं नसतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने एकदा आपल्याकडच्या नवीन लोकांचा अभ्यास केला होता, ज्यांच्या पहिल्या पॅचला ४८ तासांच्या आत रिव्ह्यू मिळाला ते परत येण्याचं प्रमाण खूपच जास्त होतं आणि ज्यांना ७ दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागलं ते जवळजवळ कोणीच परत आले नाहीत. आता यावर कोणी म्हणेल की यात डायव्हर्सिटीचा काय संबंध, उशीर सगळ्यांनाच होतो. होतो ना. पण ज्याची दोन मेंटेनरशी (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांशी) ओळख आहे तो त्यांना चॅटवर ढोसतो, अरे माझा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घ्यायची विनंती) बघ जरा. ज्याला आपण इथे बसतो याची खात्री आहे तो आठवड्याने 'पिंग' (म्हणजे आठवण करून देतोय) लिहितो आणि त्यात त्याला काही वाटत नाही. जिला मुळातच धाकधूक आहे की आपलं इथे काही काम आहे का, ती या शांततेचा अर्थ लावते, आणि अर्थ एकच लागतो. मग महिन्याभराने स्टेल बॉट, म्हणजे पडून राहिलेले पीआर आपोआप बंद करणारा प्रोग्राम, येतो आणि 'काही हालचाल नाही म्हणून बंद करत आहोत' असा मेसेज टाकून विषय संपवतो. हालचाल कोणाची नव्हती ते बॉटला काय माहीत. (हे बॉट पहिल्या पीआरवर तरी बंद ठेवा राव, एका लेबलचं काम आहे.)

आणि रिव्ह्यू मिळाला तरी तो कोणाला कसा मिळतो हा प्रश्न आहेच. गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. एकूण हिशोबात बायकांच्या पुल रिक्वेस्ट पुरुषांपेक्षा थोड्या जास्तच स्वीकारल्या जात होत्या. पण प्रोजेक्टला अनोळखी असलेल्यांचा हिशोब वेगळा काढला तर, प्रोफाइलवरून बाई आहे हे कळत नव्हतं तिथे स्वीकारण्याचं प्रमाण ७१.८ टक्के होतं आणि कळत होतं तिथे ६२.५. पुरुषांचंही ओळख दिसल्यावर कमी होत होतं पण एवढं नाही. माझ्या हँडलवरून आणि चित्रावरून काहीच कळत नाही आणि वर्षानुवर्षं लोक मला बिनधास्त 'ही' म्हणजे इंग्रजीतला पुल्लिंगी ही म्हणत आलेत, मी दुरुस्त करायचा कंटाळा करते. हा अभ्यास वाचल्यावर वाटलं की कंटाळ्याचा फायदाच झाला असणार, आणि हे वाटणंच किती वैतागवाणं आहे बघा.

भाषेबद्दल जरा जास्त लिहिते कारण त्यावर फार कमी बोललं जातं. डायव्हर्सिटी म्हटलं की लोक बायका आणि पुरुष एवढंच धरतात. त्याच गिटहबच्या सर्व्हेत साधारण पाव लोकांनी सांगितलं होतं की आपलं इंग्रजी वाचन-लेखन 'अगदी उत्तम' या पातळीचं नाही. म्हणजे चारातला एक माणूस प्रत्येक कमेंट लिहिताना डोक्यात दोनदा फिरवतो. कोड लिहायला वीस मिनिटं आणि तो का लिहिला हे समजावायला दीड तास, असं होतं. त्यात इंग्रजी ज्याला तोकडं त्याचं लिखाण तुटक येतं, 'प्लीज', 'थँक्स', 'आय वंडर इफ' असल्या गाद्या-गिरद्या त्यात नसतात, मग वाचणाऱ्याला वाटतं की हा उद्धट आहे. उलट बाजूने, मेंटेनर जेव्हा त्यांच्या गावठी म्हणी आणि टोमणे वापरून रिव्ह्यू लिहितात तेव्हा समोरच्याला तो विनोद आहे की नकार हेच कळत नाही. मी एका प्रोजेक्टमध्ये पाहिलंय, रिव्ह्यूअरने चेष्टेत काहीतरी लिहिलं, पॅच पाठवणाऱ्याला वाटलं की नको म्हणतायत आणि त्याने सरळ पीआर बंद केला, वर माफी मागून. चांगला पॅच होता तो.

त्यात आता हे एआयचं नवीन झेंगट. मशीनने लिहिलेले बोगस बग रिपोर्ट आणि बोगस पीआर यांचा इतका पूर आलाय की मेंटेनर वैतागलेत, कर्ल या नेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या टूलच्या मेंटेनरने तर यावर जाहीरपणे कितीदा लिहिलंय, आणि त्यांचा वैताग शंभर टक्के खरा आहे, फुकट काम करणाऱ्या माणसाचा अख्खा रविवार अशा एका रिपोर्टमध्ये जातो. पण त्याचा फटका कोणाला बसतोय ते बघा. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे तो बिचारा स्वतः शोधलेला बग स्वतः दुरुस्त करतो आणि फक्त वर्णन मशीनकडून नीट करून घेतो, म्हणजे लोकांना तो उद्धट वाटू नये म्हणून, आणि आता नेमकं ते गुळगुळीत इंग्रजी बघून मेंटेनर म्हणतात हा कचरा दिसतोय, बंद करा. तुटक लिहिलं तर उद्धट, नीट लिहिलं तर बॉट. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आम्ही सध्या एवढंच करतो की बग रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये लिहिलंय, मोडकं इंग्रजी चालेल, तुमच्या भाषेत लिहिलंत तरी चालेल, आम्ही भाषांतर करून वाचू, पण बग पुन्हा कसा दिसेल त्याच्या पायऱ्या तुमच्या स्वतःच्या हव्यात. पायऱ्या खऱ्या असल्या की माणूस खरा आहे हे लगेच कळतं. थोडा फरक पडलाय. पूर काही थांबलेला नाही.

मशीन आणि नेटचा मुद्दाही असाच राहून जातो. लिनक्स कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सगळा इतिहास क्लोन करायचा, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवायचा तर कित्येक जीबी खाली उतरतात, आणि ज्याचं नेट मोजून मिळतं किंवा मधेच तुटतं त्याला गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) क्लोन अर्ध्यात तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. थोडाच भाग उतरवायच्या शॅलो क्लोन आणि पार्शल क्लोन अशा सोयी गिटमध्ये आहेत, पण किती प्रोजेक्टच्या सेटअप गाइडमध्ये त्या लिहिलेल्या असतात? सेटअप गाइड लिहिणाऱ्याचा लॅपटॉप कंपनीने दिलेला असतो, त्याला ३२ जीबी रॅम हा निसर्गनियम वाटतो. सहा कंटेनर (प्रोग्राम चालवायचे वेगवेगळे डबे) उठवल्याशिवाय एक टेस्ट चालत नसेल तर जुन्या लॅपटॉपवाल्याला तुम्ही बाहेरच ठेवलंय, तुमच्या रीडमीत 'सर्वांचे स्वागत' असं कितीही मोठ्या फाँटमध्ये असू दे. त्याच सर्व्हेत ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं डॉक्युमेंटेशन हा मोठा त्रास म्हणून सांगितला होता. आमच्या सेटअप गाइडमध्ये कोणीतरी शॅलो क्लोनची एक ओळ टाकली, एक ओळ, आणि 'क्लोन होत नाही' हा प्रश्न चॅटवर येणंच जवळपास थांबलं.

ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे अपंगांनाही वापरता येण्याचं सांगायचं तर एनव्हीडीए नावाचा विंडोजवरचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) आहे, फुकट आणि ओपन सोर्स, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केला, मग जेम्स टेह त्यात आले, दोघेही अंध. बाजारातले स्क्रीन रीडर इतके महाग होते की ज्यांना गरज त्यांनाच परवडत नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतला, बराचसा पायथन या भाषेत, आणि आज जगभर तो वापरला जातो. म्हणजे अंध प्रोग्रामर हा काही कल्पनेतला प्राणी नाहीये. आणि आपण काय करतो, एररचा स्क्रीनशॉट इश्यूमध्ये (अडचणीच्या नोंदीत) चिकटवतो, ज्याचा स्क्रीन रीडरला काडीचा उपयोग नाही, आर्किटेक्चर फक्त चित्रात समजावतो, महत्त्वाचे निर्णय बिना-सबटायटलच्या व्हिडिओ कॉलवर घेतो. टर्मिनलमधला मजकूर कॉपी करून पेस्ट करायला स्क्रीनशॉटइतकाच वेळ लागतो हो.

व्हिडिओ कॉलवरून आठवलं. अनेक ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनमध्ये एक जुना दंडक आहे, जे मेलिंग लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही. कॉलवर, बारमध्ये, कॉन्फरन्सच्या कॉरिडॉरमध्ये काहीही ठरू दे, लेखी येऊन बाकीच्यांना बोलायला वेळ मिळाला नाही तर तो निर्णय नाही. लोकांना हे जुनाट वाटतं. मला वाटतं सगळ्या डायव्हर्सिटी स्टेटमेंटपेक्षा या एका नियमाने जास्त लोकांना आत ठेवलंय. कारण कॉल कोणाच्या तरी रात्री दोन वाजता असतो, कोणाचं तरी बाळ त्याच वेळी रडतं, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला वेगाने बोललेलं इंग्रजी पकडता येत नाही, आणि कोणाला चार जण जोरात बोलत असताना मधे घुसता येत नाही. लेखी असलं की हे सगळे जण आपल्या वेळेला, डिक्शनरी उघडून, तिसऱ्यांदा वाचून उत्तर देऊ शकतात.

कोड ऑफ कंडक्टबद्दल, म्हणजे वागण्याच्या लेखी नियमांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही म्हणून लिहिते, नाहीतर त्यावर इतकी भांडणं झालीत की नको वाटतं. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही दिवस सुट्टी घेतली आणि त्याच सुमारास कर्नलने काँट्रिब्युटर कव्हेनंट या तयार नमुन्यावर आधारलेला कोड ऑफ कंडक्ट स्वीकारला. तेव्हा कितीतरी लोक म्हणाले आता लिनक्स संपलं. कर्नल अजून दर नऊ-दहा आठवड्यांनी रिलीज होतोय, बघून घ्या. पण दुसऱ्या टोकाची गोष्टही सांगायला हवी. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कम्युनिटीकडे अगदी सुरुवातीपासून कोड ऑफ कंडक्ट होता, वागायला चांगली माणसं म्हणून त्यांचं नाव होतं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये हे नियम लागू करणाऱ्या त्यांच्या अख्ख्या मॉडरेशन टीमने राजीनामा दिला. कारण काय तर कोअर टीम कोणालाच जबाबदार नाही, तिच्यावर नियम लावायची सोयच नाही. पुढे २०२३ मध्ये कोअर टीम जाऊन लीडरशिप काउन्सिल आली. म्हणजे नियमांची नुसती फाइल असून उपयोग नाही. फाइलमधला तक्रारीचा ईमेल कोण वाचतं, आणि तक्रार त्याच माणसाबद्दल असेल तर ती कोणाकडे जाते, हे दोन प्रश्न विचारा. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये उत्तर एकच येतं, सगळं एकाच माणसाकडे जातं आणि प्रोजेक्टही त्याचाच असतो.

नावांचा एक छोटा मुद्दा. कर्नलमध्ये पॅचवर सही करताना 'खरं नाव' लागायचं, २०२३ मध्ये ते शब्द बदलून 'ओळखीचं नाव' अशा अर्थाचे केले, निनावी चालणार नाही पण तुम्ही ज्या नावाने ओळखले जाता ते चालेल. ज्यांनी जेंडर बदलल्यावर नाव बदललंय, लग्न किंवा घटस्फोटानंतर बदललंय, किंवा कोणीतरी मागे लागलंय म्हणून खरं नाव लपवावं लागतंय, त्यांना हा बदल किती मोठा आहे ते विचारा. गिटचा जुना इतिहास सहजासहजी बदलता येत नाही, पण मेलमॅप फाइलमध्ये (जुनं नाव नव्या नावाला जोडणारी फाइल) एक ओळ टाकली की लॉगमध्ये नवीन नाव दिसतं. कोणी ही विनंती केली तर चर्चा नको, कारण विचारू नका, ओळ टाका आणि मर्ज करा.

आता पुन्हा त्या मर्जच्या बटणाकडे. ओपन सोर्समध्ये 'मेरिट' हा शब्द फार वापरतात, जो काम करेल त्याला हक्क मिळेल. ऐकायला छान आहे पण काम म्हणजे कुठलं काम ते आधीच ठरलेलं असतं, कोड. भाषांतर करणारे, डॉक्युमेंटेशन लिहिणारे, इश्यू चाळून चाळून डुप्लिकेट शोधणारे, नवीन लोकांच्या त्याच त्या प्रश्नांना न चिडता उत्तर देणारे, यांच्यावर प्रोजेक्ट चालतो आणि मतदानाच्या वेळी यांना कोणी विचारत नाही. या कामात बायका आणि इंग्रजीबाहेरचे लोक जास्त दिसतात, निदान मी जिथे जिथे वावरते तिथे तरी. लिनक्सवर आधारलेली सिस्टम बनवणाऱ्या डेबियनने २०१० मध्ये यावर रीतसर मतदान घेऊन ठरवलं की पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार केलेलं सॉफ्टवेअर) न बनवणाऱ्या काँट्रिब्युटरनासुद्धा प्रोजेक्टचं पूर्ण सदस्यत्व मिळेल, मतदानाच्या हक्कासकट. फक्त पॅकेज अपलोड करायचा ॲक्सेस नाही, कारण त्यांना तो लागतच नाही. इतका सरळ उपाय आहे आणि इतक्या वर्षांत किती प्रोजेक्टनी उचलला? फार नाही.

आणि लोकांना वर आणायचं तर थांबून चालत नाही, जाऊन विचारावं लागतं. पायकॉन या पायथनच्या कॉन्फरन्समध्ये २०११ साली बायकांनी दिलेली भाषणं १ टक्का होती, २०१६ मध्ये ४० टक्के झाली. कोटा नव्हता. आयोजकांनी एकेकीला गाठून विचारलं की तू प्रपोजल पाठव, अडलीस तर आम्ही मदत करतो. हेच कमिट ॲक्सेसला, म्हणजे थेट कोड बदलायच्या हक्काला लागू होतं. 'इंटरेस्ट असेल तर सांगा' असं चॅनलवर टाकलं की हात वर कोण करतं ते आपल्याला माहीत आहे, ज्याला आधीच वाटत असतं की हे आपलंच आहे तो. बाकीच्यांना वैयक्तिक मेसेज जावा लागतो, तुझं गेल्या वर्षभराचं काम बघितलंय, मेंटेनर होशील का, काय काय करावं लागेल आणि किती वेळ जाईल ते असं असं आहे. आणि हो, नाही म्हणायची मोकळीक ठेवून, कारण हे सगळं बिनपगारी आहे आणि ज्यांच्या अंगावर घरचं काम जास्त त्यांच्याकडे रिकामा वेळ कमी, हे काही कुठल्या टेम्प्लेटने सुटणारं नाही. पैसे दिल्यावर सुटतं, थोडंफार.

आमच्याकडे मेंटेनर कसं व्हायचं हे पूर्वी कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे जुन्या मंडळींच्या डोक्यात होतं. आता एका फाइलमध्ये आहे, काय केलं की हक्क मिळतो, कोण ठरवतं, वर्षभर काहीच हालचाल नसेल तर हक्क कसा परत घेतला जातो. या शेवटच्या कलमावरून जुन्यांपैकी दोघे अजून रुसलेत. पुढच्या फेरीसाठी जी नावं सुचवलीत त्यात डॉक्युमेंटेशनवाल्या दोघी आणि एक भाषांतरवाला आहे, आणि 'पण यांनी कोड कुठे लिहिलाय' हा थ्रेड कालपासून सुरू झालाय. मी डेबियनच्या त्या मतदानाची लिंक टाकून आलेय, बघू कोण काय म्हणतं.